आईच्या बरणीतलं गुलाबी पाणी

१

मी आता जे लिहिणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नयेच. आमच्या हिचा चाळीस वर्षांत बसलेला नाही, आणि ती तर तिथं हजर होती. आत्ताही समोर बसून माझ्या सदऱ्याला बटण लावतेय. मी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतो, त्यामुळे डोळे सुईकडे असले तरी कान इकडेच आहेत.

"फुशारकी संपली की सांगा," ती म्हणाली. "दोरा ओवून हवाय."

दोरा ओवून दिला. तर ऐका. एका सोमवारी सकाळी आमच्या कारखान्यातून आई नाहीशी झाली.

घाबरू नका. आमचा कारखाना सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा. फळांचा रस पिंपात भरून ठेवला म्हणजे आपोआप सिरका होतो, असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू द्यावं. त्या रसात आई सोडावी लागते. आई म्हणजे जाड सायीसारखा, बुळबुळीत, चहाच्या रंगाचा एक पडदा. दिसायला ओंगळ, पण जिवंत. तिचा तुकडा रसात पडला की रस आंबतो. मालकीणबाईंच्या आजेसासऱ्यांनी ती कुठूनशी आणली होती, आणि तेव्हापासून ती तळघरात एका चिनी मातीच्या बरणीत तरंगत होती. तिला सगळे आईच म्हणायचे. "आईला बघून आलो," "आई आज जरा मलूल वाटते," असं आमचं बोलणं. नवा माणूस पहिले आठ दिवस बुचकळ्यात असायचा.

त्या सोमवारी मालकीणबाईंनी बरणीचं कापड सोडलं आणि आत पाहिलं. तळाशी वाटीभर ओल. आई नाही.

आणि तळघराची किल्ली रविवारभर एकाच माणसाच्या कमरेला होती.

२

तो माणूस म्हणजे दरवान. एकतीस वर्षं फाटकावर. मिशा अशा की वारासुद्धा परवानगी घेऊन आत यायचा. सुटीच्या वेळी प्रत्येकाचा डबा उघडून बघायचा. मालकीणबाईंच्या भावाचासुद्धा. एक माझा डबा तेवढा त्यानं कधी उघडायला लावला नाही. "तुमचं काय बघायचं, थेंबेराव," म्हणायचा. इतका माझा लौकिक!

थेंबेराव हे माझं आडनाव नव्हे. मी कारखान्यात सिरक्याची परीक्षा करायचो. पेल्यात थोडा सिरका घ्यायचा, त्यात एका औषधाचे तीन थेंब टाकायचे आणि वरून कॉस्टिकचं, म्हणजे जहाल खाराचं, पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. औषधाचं नाव फिनॉल्फ्थॅलीन. मालकीणबाईंची जीभ त्यात दर वेळी अडकायची, म्हणून सगळे त्याला फेनू म्हणत. या फेनूचा स्वभाव मजेशीर. आंबटात पडला की पाण्यासारखा, आहे की नाही ते कळत नाही. पण आंबटपणा मरून पाणी खाराकडे झुकलं रे झुकलं, की पेला गुलाबी. तो रंग यायला किती थेंब लागले, त्यावरून सिरक्याचा जोर कळतो. दिवसाला वीस-वीस पेले. थेंब मोजता मोजता माझं बारशातलं नाव लोक विसरले.

दर शनिवारी आईचीही परीक्षा असायची. बरणीतून लोटाभर रस काढायचा, त्यातला चमचाभर तपासायचा आणि उरलेला "आईचं आईला" असं म्हणून परत बरणीत ओतायचा. दुसऱ्या लोट्यात दिवसभराच्या परीक्षांचं उष्टं पाणी साठायचं, ते मोरीत. दोन्ही लोटे एकाच इनॅमलचे, जुळ्या भावांसारखे. कारखान्याचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होती. तळघरात सोडा किंवा कॉस्टिक नेला, तर त्याच दिवशी घरचा रस्ता. खार आईला विष.

"हे सगळं कशाला सांगताय?" ही म्हणाली.

"वाचकाला माहिती नको?"

"नाही, सांगा सांगा. बरं झालं सांगितलंत." आणि तिनं दोरा दातानं तोडला.

तर मालकीणबाई दरवानापुढे उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. तो न चढवताच त्या माणसाला गार करायच्या.

"दरवानजी, दोन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार. मी सचोटीचा दाखला लिहून ठेवला होता. चारच्या भोंग्यापर्यंत आई सापडली नाही तर तो फाडीन, आणि उद्यापासून तुम्ही येऊ नका."

दरवानानं खाली पाहिलं. निवृत्तीनंतर तो लेकीकडे राहायला जाणार होता. जावयाला त्यानं दहादा सांगितलं होतं, की दाखला काचेत बसवून तुमच्या बैठकीत लावीन. तो मला हळूच म्हणाला, "थेंबेराव, जावयाच्या दारात चोर म्हणून कसा उभा राहू हो?"

 मी तिथल्या तिथं पुढं झालो. "बाई, हा तपास माझ्याकडे द्या," म्हटलं.

तेवढ्यात मोरीकडून किंकाळी आली.

३

किंकाळी सोडावालीची. कारखान्यात बाटल्या धुणाऱ्या पोरींतली एक. सकाळपासून सुटीपर्यंत तिचे हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, म्हणून सोडावाली. तिखट जिभेची, ठेंगणी, कुणाच्या बापाला न भिणारी...

"ठेंगणी कोण?" ही म्हणाली.

बरं, उंच म्हणा. हो, तीच ही. बटण लावतेय ती.

रिकामं भांडं दिसलं की विसळायचं, ही तिच्या हातांची खोड. मालकीणबाईंनी बरणी वर आणून ठेवली होती. हिनं तळाची ओल पाहिली न पाहिली आणि त्यात सोड्याचं पाणी ओतलं. बरणीत पाणी गुलाबी झालं. गुलाबाच्या पाकळीसारखं, लख्ख.

"रक्त!" पिंपवाला ओरडला. पिंपं दुरुस्त करणारा हा माणूस, दंड पिंपाएवढे, पण रक्ताच्या नावानं चक्कर यायची.

"रक्त असं नसतं," मी म्हटलं. "हा फेनू आहे. ओल आंबट होती तोवर लपून बसला होता. सोडा पडला आणि तोंड दाखवलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिक होतं. फेनूची बाटली माझ्या कपाटात.

"कपाटाला कुलूप नसतं," मी घाईनं म्हणालो. "कुणीही घेतला असेल. पण ज्यानं आईला हात लावला, त्याच्या हाताला फेनू लागला असणार. प्रत्येकानं सोड्याच्या पाण्यात हात बुडवा. पाणी खरं बोलेल."

आता ही युक्ती तुम्हाला साधी वाटेल. पण त्या काळी अशी युक्ती जगात दुसऱ्या कुणाला सुचली नव्हती. वर्तमानपत्रात छापून यायची, पण त्या दिवशी छपाईचं यंत्र...

"पुढे चला," ही म्हणाली.

४

तिथं हजर पाच जणांसाठी पाच काचेचे वाडगे मांडले. प्रत्येकात चिमूटभर सोडा घातलेलं पाणी. मी परीक्षेच्या खोलीत जाऊन हात स्वच्छ धुऊन आलो, परीक्षकाचे हात स्वच्छ हवेत म्हणून, आणि सुरुवात केली.

मालकीणबाईंनी बोटं बुडवली. पाणी जसंच्या तसं.

सोडावालीनं कोपरापर्यंत हात घातले. काही नाही. "माझ्या हाताला फेनू असता तर मी सकाळपासून गुलाबी हात घेऊन नाचले असते," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पिंपवाल्याचंही पाणी निवळ. पण तो हात बुडवताना घामाघूम झाला होता आणि पाय मागं सारून बाकाखालची थैली झाकत होता. मी थैली ओढली. आत ओलं गाठोडं.

"उघडू नका हो," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, आवाज मांजराच्या पिलाएवढा.

आई असती तर ओल आंबट असती. मी आंबटानं लाल होणारा निळा लिटमस कागद लावला. निळा तो निळाच. लाल लावला, तो निळा झाला. म्हणजे गाठोड्यात सिरका नव्हता, सोडा होता. सोडावालीनं गाठ सोडली. आत तान्ह्या बाळाची दुपटी होती. लंगोट, झबली, पिळून घट्ट गुंडाळलेली.

"बायको गेल्यापासून वेळच मिळत नाही," पिंपवाला म्हणाला. "घरी सोडा नसतो. जेवणाच्या सुटीत इथं धुतो. मूठभरच घेतो, बाई."

मालकीणबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लाकूड ठोकणाऱ्या हातांनी लंगोट पिळतोस होय! उद्यापासून सोडावालीकडे दे." आणि मग आपलं नाक शिंकरलं.

मी माझे हात बुडवले. पाणी आरशासारखं स्वच्छ.

राहिला दरवान. त्यानं बाह्या सावरल्या, मिशा सारख्या केल्या आणि हात पाण्यात घातले. बोटांच्या टोकांपासून धुरासारख्या गुलाबी रेघा निघाल्या, वळल्या, पसरल्या. बघता बघता अख्खा वाडगा गुलाबी झाला.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

५

"बोला, दरवानजी," मालकीणबाई म्हणाल्या.

  दरवान नुसता त्या वाडग्याकडे बघत राहिला, जणू पाण्यानं त्याचा विश्वासघात केला होता.

मी त्याला फाटकाच्या खोपटात घेऊन गेलो. खरं सांगतो, त्या माणसानं आई घेतली नाही, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं... म्हणजे, गुप्तहेराला आतून कळतंच ना.

"काका, फेनूला हात लावलात?"

"फेनू बिनू मला ठाऊक नाही."

"मग हे आलं कुठून?"

त्यानं हात पाठीमागं लपवले.

"जावयाला काय सांगाल?"

त्याची मान आणखी खाली गेली. "सांगीन, की चोरी केली."

"आणि ते खोटं असेल?"

"असू दे. चोर म्हटलं तर लोक महिनाभर बोलतील. दुसरं कळलं, तर बाटल्या धुणाऱ्या पोरी जन्मभर हसतील."

दुसरं काय? मी खोपटात नजर फिरवली. टोपी, काठी, कंदील, आणि फळीवर टोपीमागं दडवलेली गोळ्यांची छोटी डबी. तो झटकन आडवा आला, पण मी उंच.

"उंच!" ही म्हणाली.

तेव्हा होतो. डबी उघडली. पांढऱ्या गोळ्या, निम्म्या मोडलेल्या, तळाशी भुकटी. कागदावर लिहिलं होतं, पोट साफ होण्यासाठी.

"वैद्यांनी अर्धी घ्यायला सांगितलीय," दरवान भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "रोज सकाळी बोटांनी मोडतो. एकतीस वर्षं बसून नोकरी केली, थेंबेराव. बसून बसून माणसाचं काय होतं, ते तुम्हाला काय सांगू."

मी मटकन बाकावर बसलो आणि हसू की रडू कळेना. त्या काळी पोटाच्या गोळ्यांत हाच फेनू घालायचे. आमच्याकडे तो सिरक्याची परीक्षा करायचा आणि दरवानाकडे दरवानाची! मी मोरीवरून सोड्याचं पाणी आणलं आणि एक गोळी चुरून त्यात टाकली. पाणी गुलाबी. सकाळी बोटांना लागलेली भुकटी दुपारी वाडग्यात बोलली होती.

"हे बाईंना सांगू?"

"मेलो तरी नाही."

"बाईंना एकट्यांना. बाकीच्यांना मी भलतंच सांगतो. भलतं सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

तेवढ्यात चारचा भोंगा वाजला.

६

मालकीणबाईंनी डबीवरचा कागद दोनदा वाचला. ओठ घट्ट मिटले, खांदे हलले, आणि त्या टेबलाचा खण उघडून आत बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. वर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.

"हातांचं समजलं," त्या म्हणाल्या. "पण बरणीत गुलाबी कुठून आलं? आणि आई कुठाय?"

"बरणीचं कापड रोज दरवानजीच बांधतात. त्याच बोटांनी," मी म्हटलं. "आणि आईचं म्हणाल, तर बाई, तिला कुणी नेलं नाही. मला आठ दिवस द्या. आई परत आली नाही, तर दरवानजींच्या आधी मी फाटकाबाहेर."

 त्यांनी दाखला फाडला नाही, खणात ठेवला.

पोरींना मी सांगितलं, की दरवानाच्या अंगात जन्मतःच गुलाबी रक्त आहे, राजघराण्यातलं. त्यानंतर त्या त्याला मुजरा करायला लागल्या. त्याच्या मिशा आणखी दोन बोटं वाढल्या.

आणि पुढच्या सोमवारी काय झालं म्हणता? मालकीणबाईंनी कापड सोडलं, तर बरणीत आई! ताजी, गुबगुबीत, पूर्वीपेक्षा बोटभर जाड. दरवानाला दाखला मिळाला. दोन महिन्यांनी तो लेकीकडे गेला, आणि जावयानं स्वतः खिळा ठोकून तो दाखला बैठकीत लावला, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आता रहस्याचा उलगडा. नीट ऐका, असा तर्क पुन्हा ऐकायला मिळणार नाही. दार बंद, किल्ली दरवानाकडे, दरवान निर्दोष. खिडकीला गज. मग तळघरातून बाहेर जायला वाट एकच, मोरीचं भोक. त्यातून माणूस जाऊ शकत नाही. पण आई जिवंत, आणि अंगानं बुळबुळीत! पिंपवाला पिंपं ठोकताना गायचा, आणि त्याचा आवाज ऐकून दूधसुद्धा फाटायचं. आई रुसली. कापडाच्या फटीतून उतरली, मोरीच्या भोकातून घसरली, कुठंतरी आठ दिवस माहेरपण केलं आणि राग शांत झाल्यावर आल्या वाटेनं परत आली. जमिनीवर तिची ओली रेघ होती. मी स्वतः निळा लिटमस लावून पाहिला, लालेलाल...

"खोटं," ही म्हणाली.

बटण लावून झालं होतं. तिनं सदरा मांडीवर ठेवला.

"कुठलं खोटं? लिटमस लाल झाला नाही?"

"आई घसरली, गेली, आली, ते असू दे. मला एवढंच सांगा. त्या दिवशी सगळ्यात आधी गुलाबी हात कुणाचे व्हायला हवे होते? दिवसाला वीस पेल्यांत फेनूचे थेंब टाकणाऱ्याचे. आणि तुमचं पाणी आरशासारखं स्वच्छ!"

"मी हात धुऊन आलो होतो. आत्ताच वाचलं ना."

"धुतलेतच. सिरक्यानं." ती सुई गादीत टोचत म्हणाली. "हात सिरक्यात भिजलेले असले, की चिमूटभर सोडा तिथंच मरतो. मग फेनू कसा दिसेल? ते पाचही वाडगे मी विसळले, अहो. चार वाडग्यांना कसला वास नव्हता. तुमच्या वाडग्यानं नाकात झिणझिण्या आल्या."

मी पेनाचं टोपण शोधायला लागलो.

"शनिवारी तुमचा लोटा चुकला," ती म्हणाली. "आईचं आईला म्हणून तुम्ही उष्टं पाणी ओतलंत, कॉस्टिक आणि फेनूसकट. ती मरेल म्हणून घाबरलात, आणि नोकरी जाईल म्हणूनही. बरणीतला रस मोरीत ओतलात आणि शनिवारीच तिला डब्यात घालून नेलीत. तुमचा डबा तेवढा कुणी उघडत नव्हतं. आठ दिवस घरी चांगल्या सिरक्यात जपलीत, आणि परत आणलीत."

"मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तेव्हाच बोलणार होते. पण दरवानकाकांसाठी तुम्ही स्वतःची नोकरी पणाला लावलीत, म्हणून म्हटलं आठ दिवस बघू. आई परत आणली नसतीत, तर आज हे बटण दुसऱ्याच कुणाच्या सदऱ्याला लावत बसले असते."